सव्वीस आणि सतरा

सव्वीस आणि सतरा किती, असं सापगावच्या पुढच्या कुठल्याही वाडीत चौथीतल्या पोराला विचारा. बोटं मोजून का होईना, पण त्रेचाळीस सांगेल. सरकारी कागदावर मात्र सव्वीस आणि सतरा मिळून अडतीस झाले होते. खाली गोल शिक्का होता, तीन डॉक्टरांच्या सह्या होत्या आणि कोपऱ्यात सकुबाईचा घाबरलेला फोटो होता. मधले पाच कुठे गेले, ते कुणी लिहिलं नव्हतं.

आणि हे झालं कुणाच्या बाबतीत, तर जिने उभ्या जन्मात कुणाचं मूठभर भात इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, त्या बाईच्या बाबतीत.

सकुबाई म्हणजे वाडीची मापारीण. मळणी झाली, वारवून रास पडली, की घरोघरचं बोलावणं तिला. ती यायची, राशीसमोर मांडी घालून बसायची आणि पायली भरायला लागायची. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन, चार. माप चालू असताना खळ्यावर कुणी बोलायचं नाही, अशी जुनी शिस्त. आधी हे काम तिचे सासरे करत. त्यांची नजर गेली तेव्हा त्यांनी मुलाला सोडून सुनेला माप दिलं. मुलगा कमळू स्वभावाने गरीब. कुणी डोळे वटारले तर हा पायलीची शीग वाढवून देईल, हे बापाला पक्कं ठाऊक होतं. गड्यांनी कुरकूर केली. बाई मापाला बसली की रास आटते, असं म्हातारा भगीरथ भर खळ्यावर बोलला. बोलून थांबला नाही, तर सकुबाईने मोजलेलं सगळं भात त्याने परत ओतून स्वतः मोजलं. चिपटंभराचाही फरक निघाला नाही. त्यानंतर वाडीत तिच्या मापावर कुणी तोंड उघडलं नाही.

तिचे कान गेले ते फार आधीपासून. लग्नानंतर भाताची कामं आटोपली की वाडीतल्या चार बायका मुरबाडच्या अंगाला एका खडीच्या क्रशरवर जायच्या. दगड यंत्राच्या जबड्यात पडायचा, खाली खडी सांडायची आणि त्या धडधडाटात या बसून पाट्या भरायच्या. असे आठ उन्हाळे. पहिल्या वर्षी बायकांनी कानात कापूस घातला, तर मुकादमाने तो काढायला लावला. का, तर त्याने मारलेली हाक ऐकू येत नाही! त्याची हाक ऐकू यावी म्हणून चार बायकांचे कान गेले, आणि आज तो मुकादम कुठे नातवंडं खेळवत बसला असेल, देव जाणे.

कान काही एका दिवसात जात नाहीत. आधी तिची पाखरं गेली. मग बायकांचे बारीक आवाज गेले, मग लेकीचा फोनवरचा आवाज गेला. कमळूचा आवाज घागरीत बोलल्यासारखा जाड, तेवढा राहिला. "जे आयकायचं नाय त्येच नेमकं आयकू येतंय," असं ती त्याच्यादेखत म्हणायची आणि तो बिचारा हसायचा.

बोटं गेली ती पाच वर्षांमागे. बैल मळणीला लावायचे दिवस संपले होते. भाड्याचं मळणीयंत्र वाडीत आलं होतं. सकुबाई पेंढ्या आत सारत होती. पेंढी बांधलेला आळा हाताला गुंडाळला गेला. मागे उभा असलेला पुतण्या चंदर ओरडला, "काकी, हात काढ!" एकदा नाही, तीनदा ओरडला. बांधापलीकडच्या लोकांना ऐकू गेलं. सकुबाईला गेलं नाही. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. मधलं राहिलं, पण खुंटीसारखं ताठ. चंदर अजून लग्नाकार्यात भेटला की तेच सांगतो, "मी वरडलो व्हतो गो काकी. लय वरडलो." तिला ते ओठांवरून कळतं.

रडत बसणारी बाई नव्हे ती. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा कापून तिने विळ्याची मूठ तळहाताला बांधायची युक्ती काढली. पायलीला शहापुरातल्या कल्हईवाल्याकडून कडी बसवून घेतली. भंगारातल्या मोटरसायकलचा आरसा आणून चुलीच्या वर ठोकला, म्हणजे पाठीमागे कोण आलंय ते भाकरी थापता थापता दिसावं. माणसांच्या ओठांकडे बघून निम्मं ओळखायचं, उरलेलं निम्मं अदमासाने. यातलं काहीच पुरतं नव्हतं. पट्टा पावसात घसरायचा, आरशात वाफ धरायची, आणि कुणी पान खात बोलायला लागलं की ओठ वाचायची पंचाईत. पण चाललं होतं, आणि ते तिने स्वतःच्या डोक्याने चालवलं होतं.

लावणीला मात्र काही युक्ती चालेना. चिखलात रोप रोवायला चिमूट लागते आणि चिमटीमागे उरलेल्या बोटांचा टेकू लागतो. सकुबाईची ओळ मागे पडायला लागली. पहिल्या वर्षी बायकांनी सांभाळून घेतलं, दुसऱ्या वर्षी टोळी तिला न सांगताच गेली. मापाचं कामही आटत चाललं होतं. व्यापारी टेम्पोत काटा घेऊनच यायला लागले. अशात तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागे गाळ्यांची नवी रांग झाली आणि त्यातला एक गाळा दिव्यांगांसाठी राखून ठेवलाय, अशी बातमी आली.

सकुबाईने तो गाळा जाऊन पाहिला. निळं शटर, पुढे दोन पायऱ्या, वर पत्रा. आत मागच्या भिंतीला कट्टा होता. तिने मनातल्या मनात मांडणीही करून टाकली. इकडे नागली, इकडे वरी, मधे वाल आणि उडीद, आणि पुढे पायली. पाठ भिंतीला लागली की मागून कुणी यायचा प्रश्नच नाही; येईल ते गिऱ्हाईक समोरून, ओठ दाखवत. बसून करायचं काम, आणि काम मापाचं. देवानेच तिच्यासाठी बांधल्यासारखी जागा होती ती. अट एकच होती, चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट.

तपासणीचं शिबीर एका लग्नाच्या हॉलमध्ये भरलं. कमळू बरोबर होता. हाताच्या डॉक्टरने एक लोखंडी यंत्र तिच्या उजव्या हातात दिलं, मुठीचा जोर मोजायचं.

"दाबा मावशी. जेवढा जोर आहे तेवढा लावा."

आता इथे शहरातला माणूस असता तर त्याला कळलं असतं की ही परीक्षा नापास होण्यासाठी असते. सकुबाई चार यत्ता शिकलेली. परीक्षा म्हटली की जीव तोडून उत्तीर्ण व्हायचं, एवढंच तिला ठाऊक. शिवाय परक्या माणसापुढे कामाला कमी आहोत असं दाखवायचं, हे त्या वाडीतल्या कुठल्या बाईला जमलंय? ताप अंगात असला तरी पाहुण्याला "बरी हाय" म्हणणारी माणसं ती. तिने ओठ आवळले आणि यंत्र असं दाबलं, की उरल्या बोटांची पेरं पांढरी पडली आणि कळ पार खांद्यापर्यंत गेली. काटा चढला. डॉक्टर म्हणाला, "अरे वा!" सकुबाईला धन्य वाटलं.

मग कानांची पाळी. गाद्या लावलेल्या लहानशा खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, आवाज आला की हात वर करा म्हणाले. तिथे इतकं चिडीचूप होतं, की स्वतःचा श्वाससुद्धा तिला जाणवत होता. त्या शांततेत तिला काही बारीक टिचक्या ऐकू आल्या. तिने खरं तेच केलं, आल्या तेव्हा हात वर केला. स्टँडवर, बाजारात, मळणीयंत्राशेजारी तिला काय ऐकू येतं, ते मात्र कुणी तपासलं नाही. गादीच्या खोलीत कुणाचा संसार असतो, हे त्या यंत्र बनवणाऱ्याला विचारायला हवं.

बाहेर येऊन तिने कमळूला सांगितलं, "झाली पास." आणि आनंदाने त्याला भजी खायला घातली.

महिन्याभराने कार्ड आलं. पांढऱ्या पट्टीचं. हात सव्वीस टक्के, कान सतरा टक्के, एकूण अडतीस टक्के.

"पस्तीसला पास असतंय," कमळू म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं.

ते दोघं कार्ड घेऊन गाळ्यांच्या कचेरीत गेले. टेबलावरच्या बाबूने कार्ड उलटंसुलटं केलं आणि परत दिलं. "चाळीस लागतात. हे पांढरं कार्ड आहे, याचा इथे उपयोग नाही."

"दोनानं काय व्हतंय, साहेब?" कमळूने विचारलं.

"दोनानेच तर होतं सगळं," बाबू म्हणाला आणि पुढच्या माणसाचे कागद घेतले.

सकुबाईचं लक्ष बाबूच्या ओठांकडे नव्हतंच. ती कार्डावरचे आकडे पुन्हा पुन्हा बघत होती. बाहेर पायरीवर बसून तिने चवथ्यांदा बेरीज केली आणि तिच्या अंगाचा भडका उडाला. "आवो, ह्ये त्रेचाळीस व्हतात! माझं पाच कुणी खाल्लं? भर दिवसा माप मारलं माझं!" स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. कमळू तिचा हात धरून म्हणत होता, "जाव दे गो, जाव दे." त्याने जन्मभर तेच म्हटलं होतं, आणि जन्मभर सगळं जातच राहिलं होतं.

पाच कुठे गेले ते शेवटी नम्रताने शोधून काढलं. नम्रता म्हणजे कमळूच्या बहिणीची मुलगी, खर्डीची, गणित घेऊन बीएस्सी करणारी. सुट्टीला मामाकडे आली होती. तिने मोबाइलवर नियम काढला आणि वहीच्या पाठकोऱ्या पानावर मामीला मांडून दाखवला. बोलताना ती मामीच्या समोर बसे आणि सावकाश बोले. तेवढी समज त्या पोरीला होती.

"मामी, यात सरळ बेरीज नसते. मोठा आकडा आधी पुरा घेतात, सव्वीस. मग नव्वदातून सव्वीस गेले, उरले चौसष्ट. कानाचे सतरा आता पुऱ्या नव्वदावर नाय धरत, त्या उरलेल्या चौसष्टावर धरतात. तेवढ्यात त्यांचे होतात बारा. सव्वीस आणि बारा, अडतीस."

"नव्वद कशापायी? शंभर का नाय?"

"ते मला पण नाय कळलं," नम्रता म्हणाली. "पण बाकीचं खोटं नाय, मामी. समज, एकाचं हाताचं साठ गेलं आणि पायाचं साठ गेलं. बेरीज केली तर एकशे वीस होईल. माणूस शंभराच्या वर कसा जाईल? म्हणून दुसरं नुकसान उरलेल्यातून धरतात."

सकुबाई रागीट होती, पण अडाणी नव्हती. तिने पानावरचे आकडे बोटाने जुळवून पाहिले आणि ती तिच्या भाषेत बोलली. "म्हंजे राशीवर दोन चोर आलं. पयल्यानं त्याचा वाटा न्येला. दुसरा आला तवा रास कमी झालेली, म्हून त्याच्या वाट्याला कमी आलं. असंच ना?"

"अगदी बरोबर!" नम्रता खूश झाली. कॉलेजातल्या निम्म्या पोरांना हे इतक्या पटकन कळलं नसतं.

"मंग मला सांग," सकुबाई म्हणाली, "दुसऱ्या चोराला दार कुणी उघडलं?"

नम्रताला कळेना.

"माझं कान आधी ग्येलं. म्हून चंदरची हाक नाय आली. म्हून हात ग्येला. पयल्या चोरानंच दुसऱ्याला आत घ्येतलं ना? तुझ्या गणितात त्ये दोघं एकमेकांना वळखीत पन नायत. आन आता ऐक. बहिऱ्या माणसाला हात असलं तर तो हातानं सांगतो, हातानं संभाळतो. थोट्याला कान असलं तर मागची गाडी आयकून बाजूला व्हतो. माझं दोन्ही अर्धं अर्धं ग्येलं, म्हंजे एकाला दुसऱ्याचा आधार राहिला नाय. दोन दुखणी मिळून वाढायची का घटायची?"

नम्रताच्या पुस्तकात दोन गोष्टी परस्परांवर अवलंबून नसतील तरच, अशी एक अट प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला छापलेली असे. परीक्षेत ती लिहिली की अर्धा गुण मिळे. या नियमाच्या आधी ती अट कुणी तपासली होती? मामी चार यत्तांच्या जोरावर नेमकं तिथे बोट ठेवत होती. "मामी, तू डॉक्टरला सांग हे," ती म्हणाली. "मी येते बरोबर."

पुढच्या शिबिराला तिघंही गेले. हाताचा डॉक्टर तोच होता. माणूस वाईट नव्हता. तरुण होता, सकाळपासून जेवला नव्हता, पुढे सत्तर माणसांची रांग होती. त्याने सकुबाईचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, म्हणजे नम्रताने सांगितलं ते. मध्येच सकुबाई म्हणाली, "दोन्ही येकदम मोजा ना, डॉक्टर. मला स्टँडवर उभी करा, हातात पाटी द्या, आन मागून हाका मारा. मंग लिव्हा किती टक्के."

डॉक्टर कपाळावर हात फिरवत म्हणाला, "मावशी, तुम्ही म्हणता ते खरंय. पण फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही. हात हाताच्या रकान्यात, कान कानाच्या. पुढचं आकडेमोडीवर."

मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि ते लोखंडी यंत्र पुन्हा टेबलावर ठेवलं. तिच्याकडे तोंड करून, तिला नीट कळावं म्हणून एकेक शब्द तोडून तो म्हणाला, "मी फेरतपासणी करतो. या वेळी एवढा जोर लावू नका. कळलं? बेताने दाबा."

कळलं. तिघांनाही कळलं. कमळूचा चेहरा उजळला. नम्रताने खाली बघितलं.

सकुबाईने यंत्र हातात घेतलं. गाळा तिच्या डोळ्यापुढे होता, निळं शटर, भिंतीला पाठ. दोन टक्क्यांचा तर प्रश्न. हात थोडा सैल सोडायचा, एवढंच. राशीसमोर बसून पंचवीस वर्षांत शेकडो खंडी भात तिच्या हाताखालून गेलं होतं, आणि एका पायलीतही असा सैल हात तिने सोडला नव्हता. तिने बेतानेच दाबलं. काटा थोडासा हलला आणि थांबला. डॉक्टरने पेन उचललं.

"थांबा," ती म्हणाली, आणि दाबलं. उरलंसुरलं सगळं बळ लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबलं. काटा मागच्याच आकड्यावर जाऊन उभा राहिला. "आता लिव्हा. ह्ये माझं माप. मी खोटी नाय, तुमचा रकाना खोटा हाय. त्यो दुरुस्त करायचा सोडून मला कशापायी चोर बनिवता?"

डॉक्टरने पहिलाच आकडा परत लिहिला.

काय खरी बाई, म्हणून कुणी टाळ्या पिटू नयेत. हॉलबाहेर कमळू पहिल्यांदाच तिच्यावर चिडला, आणि त्याचं काय चुकलं? ज्या व्यवस्थेत खरं दाबलं तर गाळा जातो आणि खोटं दाबलं तर अब्रू जाते, तिथे माणसाने करावं तरी काय? खोटं बोलणाऱ्यांना पकडण्यासाठी म्हणून एवढी यंत्रं आणि एवढे रकाने केले, आणि शेवटी त्यांनीच खऱ्या माणसाला कानात सांगावं, की बाई गं, थोडं खोटं दाब! सकुबाई परतीच्या गाडीत हुंदके देऊन रडली. आपल्या हुंदक्यांचा आवाज केवढा होतोय, हे तिला कळत नव्हतं, आणि सगळी गाडी गप्प बसली होती.

गाळा कुणालाच मिळाला नाही. पात्र उमेदवार नाही, असा शेरा मारून शटरला कुलूप घातलं, आणि शटरवर लाल अक्षरांत 'दिव्यांगांसाठी राखीव' असं रंगवलं. उन्हाळ्याच्या तोंडी एका मंगळवारी सकुबाई नागलीची आणि वालाची पोतडी घेऊन आली, आणि त्याच गाळ्याच्या पायरीवर गोणपाट अंथरून बसली. पाठ शटरला लावली. शेजारी केळीवाली गोदू होती. दुपारपर्यंत बरी विक्री झाली. मग उन्हं फिरली म्हणून सकुबाई वळून शटरकडे तोंड करून बसली आणि वाल पाखडायला लागली.

कचेरीचा एक माणूस, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, मागे येऊन उभा राहिला. "ओ मावशी, उठा इथून." सकुबाई पाखडत राहिली. "ओ मावशी! बहिऱ्या हाय काय?" तो ओरडला. गोदूने तिच्या गुडघ्याला हात लावला तेव्हा ती वळली. त्याने शटरवरच्या लाल अक्षरांकडे बोट केलं.

"वाचता येत नाय? ही जागा अपंगांची हाय. तुमच्यासारख्या धडधाकट लोकांनी अडवली तर त्या बिचाऱ्यांनी बसायचं कुठं?"

तिने त्याच्या ओठांवरचं अक्षर न् अक्षर वाचलं. मग उठली, पिशवीतून पांढऱ्या पट्टीचं कार्ड काढलं आणि थोट्या हाताने त्याच्या डोळ्यांपुढे धरलं.

"चाळीस लागतंत. मी आडतीस. दोनाचीच कमी ना?" तिने गोणपाटाचं टोक धरून ते रस्त्याकडे जरासं, मागे दोन गव्हाचे दाणे मावतील एवढं ओढलं, आणि परत मांडी घालून बसली. "ही सोडली तुझी दोन. बाकीची आडतीस माझी हायत, तितं मी बसणार. कोण चाळीसवाला आला तर हाक मार, उठंन. पन पुढनं येऊन मार रे, मागनं मला आयकू येत नाय."